मराठी काढू नका, कोड सुधारा

ॲपमधला मराठीचा पर्याय का काढला, असं विचारलं की डेव्हलपर मंडळींचं उत्तर तयार असतं: "मराठीत तारखा फुटतात." हे खोटं आहे. तारखा कच्च्या कोडमुळे फुटतात.

जावास्क्रिप्टच्या 'टूलोकेलडेटस्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन' सांगितलं की ५ मार्च २०२४ ही तारीख देवनागरी अंकांत येते. तिथेच 'एचआय-आयएन' लिहा, अंक इंग्रजी येतात. कारण ज्या कोशातून भाषांच्या या सवयी उचलल्या जातात, त्या युनिकोडच्या सीएलडीआरमध्ये मराठीचे ठरलेले अंक देवनागरी आहेत, हिंदीचे इंग्रजी. त्यामुळे हिंदीवर तपासून "भारतीय भाषा झाल्या" म्हणणाऱ्या टीमची मराठीवर गाळण उडते.

खरा घोळ पुढेच आहे. स्क्रीनवर दाखवायला बनवलेली ती स्ट्रिंग उचलायची, तिरप्या रेघांवर तोडायची आणि त्यातला देवनागरी '५' 'नंबर'च्या हवाली करायचा. हाती येतं 'नॅन', म्हणजे हा आकडाच नाही. पायथनचा 'इंट' आणि जावाचा 'पार्सइंट' देवनागरी अंक बिनतक्रार वाचतात, पण मुद्दा तो नाहीच. माणसासाठी सजवलेली तारीख यंत्राला परत वाचायला द्यायचीच कशाला?

आणि इंग्रजी अंकांत सगळं आलबेल असतं का? आधी पाच, मग तीन, मग वर्ष, अशी रेघा मारलेली तारीख 'न्यू डेट'ला देऊन बघा. क्रोम ती अमेरिकन पद्धतीने ३ मे धरतो, मग तुम्ही पुण्यात बसलेले का असेना! बारा तारखेपर्यंत ही चूक गुपचूप खपून जाते. तेरापासून 'इनव्हॅलिड डेट' येतं, तेव्हा कुठे जाग येते. तोवर कुणाच्या हप्त्याची, कुणाच्या बाळाच्या लसीची तारीख दोन महिने पुढे गेलेली असते. म्हणून कुणी इंग्रजी बंद केली का? २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी नोंदवली. त्यांनाच का हा दंड?

डेटाबेसमध्ये तारीख आयएसओ ८६०१प्रमाणे ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हे मानक १९८८पासून आहे. भाषा फक्त दाखवताना लावा. इंग्रजीच अंक हवे असतील तर 'एमआर-आयएन'ला 'यू-एनयू-लॅटन' जोडा. अंक बदलतात, महिन्याचं नाव मराठीच राहतं.