गंधका, प्लॅटिनमवरून ऊठ!

गंधका,

मायना मुद्दामच कोरडा ठेवला आहे. प्रेमाने हाक मारावी असे तू काही केलेले नाहीस.

वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन येतो, प्लॅटिनमच्या कणांवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात, प्रोटॉन पातळ पडद्यातून पलीकडे जातात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी होते. धूर नाही, काजळी नाही. अशा ठिकाणी तू हायड्रोजन सल्फाइड होऊन शिरतोस आणि असा ठाण मांडतोस की हायड्रोजनला टेकायलाही जागा उरत नाही.

प्लॅटिनमवर असाच येऊन बसणारा कार्बन मोनॉक्साइड काही संत नव्हे. पण तो निदान हाकलता तरी येतो. शुद्ध हायड्रोजन सोडला की हळूहळू सुटतो. इंधनात किंचित ऑक्सिजन मिसळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी हे १९८८ मध्येच दाखवले. तू मात्र शुद्ध हायड्रोजनलाही फारशी दाद देत नाहीस. तुला उठवायचे तर व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास चढवून तुझे सल्फेट करायचे आणि ते पाण्याने धुऊन काढायचे. फ्युएल सेलवर धावणाऱ्या गाडीचा ॲनोड, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड, एरवी तिथवर जातच नाही. मुद्दाम नेला, तर प्लॅटिनम झिजते आणि त्याखालचा कार्बन गंजतो. म्हणजे जातानाही तू घर पाडूनच जाणार!

म्हणूनच आयएसओ १४६८७ या मानकाने गाड्यांच्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडला दहा लाखांत ०.२ भागांची मुभा दिली आणि तुला ०.००४ ची. पन्नासपट कडक पहारा. केवढी ही कीर्ती!

इंधनाचे दार बंद झाले, तर तू हवेतून येतोस, सल्फर डायऑक्साइड होऊन. पुण्यात २०२२ मध्ये देशी बनावटीची पहिली फ्युएल सेल बस लोकांसमोर आली. अशी बस श्वास घेणार तो रस्त्यावरच्याच हवेत. आणि त्या हवेत तू कोळशाच्या धुरातून येतोस. भारतातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांनी तुझ्यावर मर्यादा घालावी, असा नियम २०१५ मध्ये झाला. मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना तुला अडवणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. याचा मला संताप येतो. धुराड्यापाशी जे करायचे टाळले, ते आता प्रत्येक गाडीच्या तोंडाशी कार्बनची गाळणी लावून करायचे, आणि ती भरली की बदलत बसायचे.

ती सूट रद्द झाली पाहिजे. आणि तुझे प्रमाण तपासल्याच्या दाखल्याशिवाय हायड्रोजनची एकही टाकी भरली जाता कामा नये.