मंडईच्या बुकिंगचा डेटाबेस : शिकाऊंसाठी सूचना

सावली तालुक्यात ज्याने संगणकाचा कोर्स केला, त्याच्यावर ही वेळ येतेच. दिवाळी आणि तिच्यामागून येणारी मंडई, म्हणजे रात्रभर नाटके रंगणारी गावची जत्रा, तोंडावर येते, नाट्यमंडळाचे अध्यक्ष घरी येऊन बसतात आणि चहा संपता संपता म्हणतात, ''भाऊ, औंदा नाटकाचं बुकिंग कॉम्प्युटरवर करून दे ना गा.'' नाही म्हणायची सोय नसते. पुढील सूचना अशा तरुणासाठी आहेत.

प्रथम मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस उघडावे. १९९२ पासून हे लोकांना असे पटवत आले आहे की, माउसने चौकटी ओढल्या की प्रोग्रॅम तयार. म्हणून आधी बटण काढावे. त्याला झेंडूचा रंग द्यावा, तो अध्यक्षांना दाखवून पुन्हा बदलावा. नाव मात्र अ‍ॅक्सेसने दिलेले 'कमांड२३' हेच ठेवावे, म्हणजे पुढच्या हंगामात ते बटण काय करते हे खुद्द आपल्यालाही कळणार नाही.

हौस फिटली की तक्त्यांकडे वळावे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांचे शास्त्र मांडले, तेव्हा त्यांना मंडई ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्यांचे ऐकावे. गावे, नाटक कंपन्या आणि प्रयोग यांचे तक्ते वेगवेगळे ठेवावेत. गावाला क्रमांक द्यावा, नावावर विसंबू नये. आपल्याकडे व्याहाड खुर्द आहे आणि व्याहाड बुजरूकही आहे. नुसते 'व्याहाड' लिहिले की नेपथ्याचा ट्रक एकीकडे आणि प्रेक्षक दुसरीकडे.

आता खरी मेख. एका गावात एका तारखेला एकच नाटक, असा नियम उत्साहाच्या भरात घालू नये. मंडईच्या रात्री एकाच गावात दोन-तीन कंपन्यांचे पडदे उघडतात. दुसरी नोंद करायला जाल तर अ‍ॅक्सेस 'डुप्लिकेट' म्हणून अडून बसेल. अनन्य ठेवायची ती कंपनी आणि तारीख ही जोडी. वडशाची कंपनी एका रात्री दोन गावांत कबूल झाली, तर गावकरी काय करतात ते सांगायला नको. शिवाय नाटक रात्री दहाला सुरू होऊन उजाडताना संपते. तारीख पडदा उघडतानाची धरावी, हे आधीच ठरवून भिंतीवर लिहावे.

प्रत्येक नोंदीला आपोआप मिळणाऱ्या क्रमांकाबद्दल, म्हणजे ऑटोनंबरबद्दल, कोषाध्यक्षांना आधीच विश्वासात घ्यावे. सातवी नोंद पुसली तर सात हा आकडा परत येत नाही, आणि 'सात नंबरची पावती कुठं गेली?' हा प्रश्न भर सभेत येतो. गावांची नावे युनिकोडमध्येच टाकावीत. कृतिदेव फाँटमध्ये टाकलेली सावली फाँट बदलला की 'एल-के-ओ-वाय-एच' दिसते, आणि अध्यक्षांना हा व्हायरस वाटतो.

सर्वात वाईट खोड तारखेची. क्वेरीच्या कोडमध्ये तारीख दिली की अ‍ॅक्सेस अमेरिकन होते, महिना आधी वाचते. ५/१ म्हणजे ५ जानेवारी हे आपल्यासाठी. त्याच्यासाठी १ मे. मजा अशी की १३ तारखेपासून पुढे ते गुपचूप बरोबर वाचते, कारण तेरावा महिना त्यालाही सापडत नाही. त्यामुळे चाचणी २० जानेवारीच्या प्रयोगावर घेतलीत तर सगळे चोख दिसेल, अध्यक्ष पाठ थोपटतील. आणि ५ जानेवारीचा प्रयोग शोधायला गेलात की गावात त्या दिवशी नाटकच नाही असे उत्तर येईल. चाचणी १२ तारखेच्या आतल्या प्रयोगावरच घ्यावी, आणि तीही अध्यक्ष समोर नसताना.