येऊ द्या, येऊ द्या…

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. त्यावर तोडगा सोपा आहे. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरायचं आणि ट्रेलर ज्या अंगाला न्यायचा त्या अंगाला हात न्यायचा. ह्यूस्टनमध्ये रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मला हे झकास जमायचं. अडथळे म्हणून मी नारिंगी प्लास्टिकचे कोन मांडायचो. त्यातले बरेचसे शहीद व्हायचे, पण चिरडलेला कोन कधी तोंड उघडत नाही. त्यामुळे आत्मविश्वास शाबूत राहिला.

निवृत्तीनंतर हातात वेळ आला आणि पाठोपाठ दारात सेकंडहँड ट्रेलर आला. बावीस फुटी, आत पलंग, शेगडी, मोरी. हा ओढत आपण मेक्सिकोत जायचं, असं मी मंडळाच्या गणपतीत जाहीर केलं. मोदक खाता खाता सगळ्यांनी मला घाबरवलं. अपहरण, खोटे पोलीस, पाण्यातून होणारे रोग. मी इंजिनिअर माणूस. घाबरलो की तक्ता करतो. 'धोका', 'शक्यता', 'उपाय' असे रकाने पाडले. बायकोने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "अहो, यात तुमचं नाव कुठे दिसत नाही."

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी अजिंक्य होतो. लारेडो शहरातले पूल टाळून आम्ही नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोलंबिया पुलावरून पलीकडे गेलो. सरहद्दीच्या पट्ट्याच्या पलीकडे गाडी न्यायची तर तात्पुरता परवाना लागतो. तो देते लष्कराची बँक. गाडी तिकडेच फुंकून तुम्ही हात हलवत परत जाऊ नये म्हणून ती अनामतही ठेवून घेते. २००७ किंवा त्यानंतरचं मॉडेल असेल तर ४०० डॉलर. अमेरिकेतला विमा तिथे चालत नाही, म्हणून मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो. खिडकीतल्या बाई एकेक कागद मागत गेल्या आणि मी मूळ प्रत, झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स सरकवत गेलो. ज्याने साताऱ्याच्या तहसील कचेरीतून सातबारा काढलाय, त्याला जगातली कुठलीही खिडकी हरवू शकत नाही. संपूर्ण प्रवासातला हा माझा सर्वोच्च क्षण. तो पहिल्याच दिवशी जेवणाच्या आधी येऊन गेला.

पुढचा सगळा मार्ग मी एकाच तत्त्वावर आखला होता: जिथून मागे घ्यावं लागेल अशा ठिकाणी शिरायचंच नाही. बायकोला हे तत्त्व सांगितलं नव्हतं. तिला मी 'वेळेचं नियोजन' असं काहीतरी म्हणालो होतो. मोंतेरेइ बाहेरून गेलं, साल्तिय्यो बाहेरून गेलं. मातेउआलाजवळ डोंगरात रेआल दे कातोर्से नावाचं चांदीच्या खाणींचं जुनं गाव आहे. तिला ते फार बघायचं होतं. पण तिथे जायला सव्वादोन किलोमीटरचा, एकावेळी एकाच बाजूची वाहतूक चालणारा १९०१ सालचा बोगदा आहे. मी म्हणालो, "तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही." मातेउआलाच्या दक्षिणेला हमरस्ता कर्कवृत्त ओलांडतो. तिला तिथे फोटो हवा होता. थांबायला जागाही होती, पण ती एका तोंडाची होती. मी ताशी ऐंशीने कर्कवृत्त ओलांडलं. फोटोत माझा कान आणि थोडं वाळवंट आलंय.

टोलवर तिकडे एक्सल मोजतात. पिकअपचे दोन आणि ट्रेलरचे दोन असं धरून प्रत्येक नाक्यावर पावती हातात आली की माझ्यातला सातारकर विव्हळायचा. म्हणून सान लुइस पोतोसीच्या पुढे मी टोलचा रस्ता सोडला आणि फुकटचा धरला. पुढे जे झालं त्याचा हिशेब केला तर टोल स्वस्त पडला असता.

आपल्याकडे पुढचा ट्रकवाला उजवा दिवा लावून 'जा, रस्ता मोकळा आहे' म्हणतो. तिथे वाहतूक उजव्या अंगाने, म्हणून हाच निरोप डाव्या दिव्याने मिळतो. हे मला न सांगता कळलं, याचा मला इतका अभिमान वाटला की मी दहा-बारा मैल बायकोला त्यावर व्याख्यान दिलं. मग डाव्या हाताला एक खानावळ दिसली. प्रशस्त अंगण, आत जायला एक वाट आणि बाहेर पडायला दुसरी! मी आनंदाने डावा दिवा लावला. मागच्या टेम्पोने त्याचा अर्थ माझ्या व्याख्यानाबरहुकूम घेतला आणि तो सुसाट पुढे गेला. त्यामागून एक बस गेली, हॉर्न वाजवून आभार मानत. मग कोंबड्यांनी भरलेला ट्रक. मी हळू होत गेलो तसतशी मागच्या जनतेला माझ्या सौजन्याची खात्रीच पटत गेली. अशा रस्त्यावर उजव्या कडेला थांबून सगळ्यांना जाऊ द्यायचं आणि मग डावीकडे ओलांडायचं, ही तिथली रीत. ती कळेपर्यंत खानावळ आरशात गेली होती.

आणि मग 'तोपे'. मेक्सिकोतला गतिरोधक. काहींच्या आधी पाटी असते, काहींवर पिवळा रंग असतो, आणि काही नुसते गनिमी काव्याने झाडाच्या सावलीत पडून असतात. पहिला असाच लागला. आधी पिकअप उडाली, मग आमचं लक्ष मागे जाईपर्यंत ट्रेलर उडाला, आणि आतून तांब्या-पितळेची दुकानं कोसळल्याचा आवाज आला. त्यानंतर बायकोने पहारा सुरू केला. वेशीवरची पहिली घरं दिसली की ती ओरडायची, "आले तात्या!" अठराशे सत्तावन्नच्या सेनापतींची मी मनोमन माफी मागून ब्रेक दाबायचो.

आत काय झालं ते आम्हाला लष्कराच्या नाक्यावर कळलं. कोवळी मिसरूड फुटलेला एक जवान आला, कुठून कुठे असं विचारलं आणि ट्रेलरचं दार उघडायला सांगितलं. दार उघडलं. मेतकुटाची बरणी फुटली होती. पलंगावर, जमिनीवर, भिंतींवर, सगळीकडे पिवळट पूड. वर हिंगाचा दरवळ. जवान एक पाऊल मागे सरला आणि बंदूक उगाचच नीट केली. माझं सहा महिन्यांचं मोबाइलवरचं स्पॅनिश त्या क्षणी मला सोडून गेलं. "कोमिदा," मी म्हणालो. जेवण. त्याचा विश्वास बसेना. मग बायको पुढे झाली, चिमूटभर मेतकूट तळहातावर घेऊन स्वतः खाल्लं आणि दुसरी चिमूट त्याच्यापुढे धरली. त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने खांदे उडवले. जवानाने जिभेवर पूड ठेवली, बराच विचार केला आणि म्हणाला, "नो पीका." तिखट नाही. देशाची सुरक्षा अबाधित होती, पण पोराची निराशा लपत नव्हती.

ग्वानाहुआतोला शहाणी माणसं सिलाओच्या बाजूने येतात. आम्ही दोलोरेस इदाल्गोहून घाटातून आलो, कारण नेव्हिगेशनमधल्या बाईंना तो रस्ता जवळचा वाटला आणि मला खंबाटकी आठवून स्फुरण चढलं. खंबाटकी मी एसटीतून पार केला होता, चालक दुसरा होता, हे वळणं सुरू झाल्यावर आठवलं. सांता रोसाच्या डोंगरातून, पाइन आणि ओकच्या झाडीतून, माझ्या मागे लागलेली मिरवणूक घेऊन आम्ही उतरलो. आणि ज्या माणसाने एका बोगद्याच्या भीतीने बायकोला एक आख्खं गाव नाकारलं, तो थेट बोगद्यांच्या शहरात आला. ग्वानाहुआतो दरीत बसलंय. खालून वाहणाऱ्या नदीने शहर वारंवार बुडवलं, तेव्हा तिचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि कोरड्या पात्राचा पुढे भुयारी रस्ता केला. नेव्हिगेशनमधल्या बाई म्हणाल्या, सरळ जा. सरळ म्हणजे दगडी कमान. कमानीवरचा उंचीचा आकडा आणि माझ्या ट्रेलरचा आकडा यांचं जमेना.

मी थांबलो. मागे दोन बस, असंख्य टॅक्सी. बायको उतरली आणि मागे जाऊन हातवारे करू लागली. "डावीकडे! अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!" मी स्टिअरिंग खालून धरलं, हात हवा तिकडे नेला आणि ट्रेलर नको तिकडे गेला. शाळा सुटली होती. गणवेशातली पोरं कठड्यावर ओळीने बसली. एका बाईंनी खुर्ची बाहेर आणली.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा आला, हातात लाल फडकं. पार्किंग लावून देऊन चार पैसे मिळवणारी ही माणसं तिथे चौकाचौकात असतात. त्याने बसवाल्यांना एका हाताने मागे सारलं, बायकोला अदबीने बाजूला केलं आणि फडकं हलवत सुरू झाला, "व्येने, व्येने, व्येने, व्येने…" तीच लय! पुण्यात स्वारगेटपाशी कंडक्टर एसटी मागे घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो, अगदी तीच. माझ्या डोक्याने निर्णय घेणं बंद केलं आणि हात आपोआप चालू लागले. बावीस फुटी ट्रेलर, दोन बस आणि एका भिंतीच्या मधून, वळणावर, सुतासारखा मागे गेला. "¡आई!" तो ओरडला, म्हणजे बस्स. कठड्यावरून टाळ्या पडल्या. मी खिडकीतून हात हलवून त्या स्वीकारल्या. बायकोने म्हाताऱ्याला पैसे दिले आणि त्याच्याकडून ते फडकंही विकत घेतलं.

ट्रेलर लावायचं मैदान वर डोंगरउतारावर होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका निवृत्त कॅनडियन जोडप्याची लांबलचक गाडी फाटकाशी अडली. नवरा घामाघूम, बायको मागे उभी राहून डावं-उजवं करतेय. मला राहवलं नाही. ट्रेलरमधून लाल फडकं आणलं, बाईंना अदबीने बाजूला केलं आणि अस्सल सूर लावला. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…" त्या बिचाऱ्याने माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला आणि गाडी थेट पाण्याच्या नळावर घातली. नळ मोडला, पाण्याचा फवारा माझ्या डोक्यावरून गेला. फाटकावरचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा धावत आला, त्याने आधी खालचा कॉक बंद केला आणि मग काही न बोलता माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.