सवायु-निर्वायु-वाद

एमआयजी वेल्डिंग मशीनला (शेडच्या भाषेत 'सीओटू') सिलिंडर जोडलेलाच आहे. आत फ्लक्स-कोअर तार चढवली, तर गॅस सोडावा की बंद ठेवावा? या प्रश्नावर चहाच्या टपरीवर जेवढा खल होतो, तेवढा ब्रह्ममायेवरही झाला नसेल.

सवायुवादी म्हणतात, गॅसचे पैसे मोजलेत, सोडा. निर्वायुवाद्यांचे उत्तर असे: या तारेच्या पोटात फ्लक्सची भुकटी असते. आर्क लागताच ती जळून स्वतःचा वायू करते आणि जोडावर स्लॅगचे पांघरूण घालते. इसाब कंपनीचे संस्थापक ऑस्कर शेलबेरी यांनी रॉडला बाहेरून दिलेला लेप इथे आत गेला, इतकेच. शिवाय तारेतले अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनशी झुंजण्यासाठीच घातलेले असते. गॅसने हवाच अडवली, तर ते बिनकामाचे जोडात उरते आणि जोड ठिसूळ होऊ शकतो.

वाद इथे मिटला असता, पण पाठभेद आडवा येतो. ई71टी-11 ही तार गॅसविना चालते. ई71टी-1 ला मात्र सीओटू किंवा आरगॉनमिश्रण लागतेच, नाहीतर जोडाची जाळी होते. फरक शेवटच्या एका आकड्याचा, आणि रिळावरचे लेबल नेमके तिथेच फाटलेले. अशा खंडित पोथीवर मत देणाऱ्याची विद्वत्ता संशयास्पद समजावी.

प्रस्तुत टीकाकाराच्या मते मात्र दोन्ही पक्ष भलत्याच ठिकाणी भांडत आहेत. खरा मुद्दा ध्रुवांचा. साध्या भरीव तारेला आणि टी-1 ला गन धनाकडे लागते. टी-11 ला ऋणाकडे, आणि अर्थिंगचा चिमटा धनाकडे. त्यासाठी मशीनचे झाकण उघडून दोन केबलींची अदलाबदल करावी लागते. सिलिंडरची चावी बाहेर, हाताशी असते, केबली आत. म्हणून वाद चावीवर होतो.

याच आळसातून तिसरा पंथ निघाला आहे. हा तार बदलतो, ध्रुव कालचेच ठेवतो. त्याचे अनुयायी ओळखणे सोपे: नोझल छर्‍यांनी बुजलेले, शर्टाला बारीक भोके, आणि तोंडी एकच वाक्य, 'तारच डुप्लिकेट आहे.'