मशेरीबाईंना खुले पत्र

सौ. मशेरीबाई,
मुक्काम तवा, डबी आणि दात. पेण, रोहे व अवघा रायगड.

सा. न. वि. वि.

आधी तुमचं अभिनंदन. विडी ओढणाऱ्या बाईला गाव नावं ठेवतं, दारू पिणारीचं तर विचारूच नका. तुम्ही मात्र देवपूजेच्या आधी घरोघर हजर, आणि तुमच्याविषयी कुणाचा एक वाकडा शब्द नाही! तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजली, चुरली, डबीत भरली, की ती सोवळ्यात येते. मग ती तंबाखू राहतच नाही, दात घासायची पूड होते.

आरोग्य केंद्रात नर्सबाई पोटुशीला विचारतात, "काही व्यसन?" ती म्हणते, "नाय बाय." ती खोटं बोलत नाही, ती फक्त मशेरी लावते. मळमळलं की लावते, दाढ ठणकली की लावते, तुमच्यावाचून तिचं पोट साफ होत नाही. वीटभट्टीवर जेवायला उशीर असला, तर भूक मारायलाही तुम्हीच. पोटात एक जीव वाढत असताना भूक मारून देणारी सखी! म्हणून हे पत्र तिला नाही, तुम्हाला.

तुमचा पंचनामा झालाय, हे कुणी कळवलं नसेल. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांची पाहणी करून २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. तुम्ही आणि तुमच्या बिनधुराच्या बहिणी ज्यांच्या तोंडात होत्या, त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅमचं काय एवढं, असं म्हणाल. तीन किलोच्या गुटगुटीत बाळाला काहीच नाही. पण ज्या आईच्या अंगात रक्तच कमी, तिचं बाळ अडीच किलोच्या रेषेवर उभं असतं. तिथे शंभर ग्रॅम म्हणजे रेषेच्या अलीकडे की पलीकडे. दोनच वर्षांनी त्याच अभ्यासातून मेलेलं मूल जन्मण्याचा धोकाही अडीच पटींच्या घरात निघाला. त्या बाळांचं वजन वाढतंय का, हे बघायला अंगणवाडीचा काटा लागत नाही.

तुमचं काम मोठं सफाईदार. हिरडीवर घासलेलं निकोटिन रक्तात उतरतं, वार ओलांडतं, रक्तवाहिन्या आवळतं, आणि मेंदूच्या ज्या पेशींना अजून आपलं काम कळलेलं नाही त्यांना नको तेव्हा चाळवतं. पेणच्या कुठल्याही मूर्तिकाराला विचारा: शाडू ओला असताना लागलेलं बोट रंगाखालीही दिसतं. सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांत चित्त एकाग्र न होण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या आहेत. ते सगळं तुमच्या माथी मारणार नाही; धुरात आणखी बरंच काही असतं, आणि गरिबीही मुलाला सुखासुखी शिकू देत नाही. पण निकोटिन तेच आहे, बाई. बाळंतपणानंतर दुधातूनही तेच जातं.

तुमचे वकील मात्र नामी. "आमच्या आजीनं मशेरी लावून आठ पोरं काढली, सगळी धडधाकट!" आजीची किती पोरं पाळण्यापर्यंत पोचलीच नाहीत, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

रोह्याला धाटावच्या कारखान्यांतल्या पिंपांवर धोक्याची खूण असते. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागा सचित्र इशाऱ्याला द्यावी लागते. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, ती टपरीवर कितपत पाळली जाते ते सोडा. घरच्या तव्यावर भाजलेल्या तुम्हाला ना पुडी, ना चित्र, ना बंदी. तुमचा कारखानदार म्हणजे सासूबाई, आणि त्यांच्यावर धाड घालायची छाती कोणत्या इन्स्पेक्टरची?

तेव्हा एवढंच करा. उद्या नर्सबाई "व्यसन?" विचारतील तेव्हा डबीतून स्वतःच आवाज द्या: "मी आहे!" आणि सासूबाईंनाही सोबत घेऊन जा, यापुढे तवा भाकरीलाच लागणार आहे, हे त्यांना नर्सबाईंच्या तोंडून ऐकू दे.

कळावे. लोभ आटावा, ही विनंती.

आपला,
एक रायगडकर