पोटरीचं ऑडिट

आमचे साडू ऑडिट खात्यात आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतली खोट काढण्याचा पगार घेतला आणि गेल्या पावसाळ्यात खोट घरातच निघाली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या डाव्या पोटरीत कातडीखाली काहीतरी वळवळलं, एवढंच. दुसरा कोणी कूस बदलून घोरू लागला असता. साडूंनी दिवा लावला, चष्मा चढवला, लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि एका हातात मोबाईल धरून पहाटेपर्यंत पोटरीवर पहारा दिला. उजाडता उजाडता त्यांना तीन अक्षरं सापडली : एएलएस. तेव्हापासून ते या आजाराचं नाव म्हणून घेत नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव टाळत, तसं नुसतं ‘ते’ म्हणतात.

२०१४ साली सगळं जग डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेत होतं, तेव्हा साडूंनीही सोसायटीच्या गच्चीवर एक ओतून घेतली होती. सर्दी झाली. ती नेमकी कोणत्या आजाराच्या नावाने झाली, हे त्यांना आत्ता कळलं.

पूर्वी हा ताप नव्हता. पुरुषाचा उजवा डोळा लवला की लाभ, बाईचा डावा लवला की लाभ, असं सांगून आजी तांदूळ निवडायला मोकळी. दुष्यंताचा बाहू कण्वांच्या आश्रमाच्या दारात स्फुरला, त्याला शकुंतला भेटली. आमच्या साडूंना न्यूरॉलॉजिस्ट भेटला.

पण ते नंतर. आधी घरगुती तपासण्या झाल्या. या आजारात नुसतं लवणं महत्त्वाचं नसतं, ताकद जाते हे खरं. किल्ली फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, पाऊल लोंबतं, तेव्हा माणूस डॉक्टरकडे जातो. हे साडूंनी वाचलं आणि ताकद मोजायला घेतली. सकाळी दूध घ्यायला दार उघडतात ते टाचांवर चालत. परत ओट्यापर्यंत येतात चवड्यांवर. भरलेला सिलिंडर आधी उजव्या हाताने उचलायचा, मग डाव्या. या कवायतीने दोन दिवसांत पोटऱ्या आणि दंड ठणकायला लागले, आणि ‘ठणका’ हे नवीन लक्षण म्हणून वहीत चढलं.

ही वही बघण्यासारखी आहे. तारीख, वेळ, अवयव, कालावधी, शेरा असे रकाने, लाल शाईने आखलेले. ‘उ. अंगठा, ४० सेकंद, चहानंतर.’ ‘डा. पापणी, ताटावर बसताना, पडवळ.’ मार्चअखेरीची पानं मात्र सलग निरंक आहेत. तेव्हा ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती. दुसऱ्याच्या वहीत असं पान दिसतं तर साडूंनी चार हरकती काढल्या असत्या. स्वतःच्या वहीत ते गुपचूप उलटून पुढे जातात.

जिभेची तपासणी लिफ्टमध्ये होते, कारण तिथला आरसा मोठा. बाहेर काढलेली जीभ कोणाचीही थरथरते, ती तोंडात निवांत असताना बघायची असते. पण निवांत जीभ साडूंकडे नाहीच. मध्येच तिसऱ्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा आत येतो, तोही आपली जीभ काढून दाखवतो, आणि दोघं तळमजल्यापर्यंत तसेच उतरतात.

मग चपलेचं प्रकरण. डावी चप्पल देवळाच्या पायऱ्यांवर निसटली. साडू तिथेच बसले, पाणी मागितलं, मला फोन केला : “पाऊल लोंबायला लागलं हो, या लवकर.” मी पोचलो तेव्हा मेहुणी चप्पल उलटीसुलटी करून बघत होती. “अहो, अंगठा तुटलाय.” साडूंनी घाबरून पायाकडे पाहिलं. “त्या नाही, चपलेचा!”

न्यूरॉलॉजिस्ट भला माणूस निघाला. हातोडीने गुडघे ठोकले, हातापायांचा जोर घेतला, दिवसाला चहा किती, झोप किती ते विचारलं. थकवा, जागरण, चहाकॉफी, काळजी यांनी निरोगी माणसाचेही स्नायू लवतात, अंगदुखी कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही होऊ शकते, ती आपण बघू, बी-बारा तपासा. साडूंनी चहा त्याच दिवशी बंद केला. दुसऱ्या दिवशी डोकं असं चढलं की आठवडाभर पोटरीला रजा मिळाली आणि वहीत मेंदूचं स्वतंत्र खातं उघडलं.

शेवटी हट्टाने ईएमजी करून घेतली. स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज यंत्रावर बघतात, ऐकतातही. अहवाल स्वच्छ. मी पेढे आणले. साडूंनी पेढा हातात धरून विचारलं, “शरीरात स्नायू सहाशेच्या वर. यांनी टोचले आठ. बाकीच्यांचं व्हाउचर कुठाय?”

मी स्टीफन हॉकिंगचं उदाहरण दिलं : १९६३ साली, एकविसाव्या वर्षी निदान झालं आणि माणूस २०१८ पर्यंत जगला. साडूंनी मनातल्या मनात स्वतःच्या वयात पंचावन्न मिळवले. “एकशे अकरा,” ते खिन्नपणे म्हणाले. “तोवर पेन्शन वेळेवर देतील?”

मग मी हुकमाचं पान टाकलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली एक अभ्यास छापला होता. अशा निव्वळ लवणाऱ्या, बाकी धडधाकट १२१ माणसांचा त्यांनी माग काढला. कोणाचा दोन वर्षांनंतर, कोणाचा बत्तीस वर्षांनंतर. एकालाही तो आजार झालेला नव्हता. साडूंनी कागद माझ्या हातातून घेतला, आकड्यांवर पेन्सिल फिरवली, बेरीज बरोबर आहे म्हणून मान डोलावली.

“बरोबर आहे. एकशे बाविसावा मी.”

आतून मेहुणीचा आवाज आला, “अहो एकशे बाविसावे, माळ्यावरची पितळी भांडी काढून द्या. दसरा आला.”

साडू स्टुलावर चढले. घंगाळं, दोन पातेली, कळशी आणि सासऱ्यांनी लग्नात दिलेला तो अजस्र बंब, सगळं एकट्याने उतरवलं. मी धरू लागलो तर म्हणाले, “तुम्ही सरका, तुमच्याने नाही व्हायचं.” मग हात धुतले आणि उजवा खांदा दुखतोय म्हणून वही मागवली.