डावी काच वर येईना

नगरच्या सावेडीतल्या कुठल्याही गल्लीत रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला जावं. एमएच १६ नंबरची एक जुनी मोटार दारं उघडी टाकून उभी असते. एका दाराचा आतला पॅड काढून कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेला, दारातून वायरी लोंबताहेत, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर साठी उलटलेले एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून हातातल्या बटणाकडे रोखून बघताहेत. घरातून हाक येते, "अहो, पोहे गार झाले." उत्तर येतं, "पॉइंट घासतोय."

हे कुणी एकटेच नाहीत. कुठे ते शाळेतून निवृत्त झालेले असतात, कुठे साखर कारखान्याच्या स्टोअरमधून, कुठे जिल्हा परिषदेतून. आपण त्यांना सर म्हणू, कारण गॅरेजवालाही तेच म्हणतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, गाडीचा १६ नंबर तोच राहिला, आणि सरांची गाडीही तीच राहिली. पंधरा वर्षं झाल्यावर पाच हजार रुपये फी भरून त्यांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं, तेव्हा आरटीओत त्यांचा चेहरा नातवाची मुंज लावल्यासारखा होता.

वाहनांचं वेड या शहराला मुळातच आहे. कायनेटिकची लूना नगरच्या कारखान्यात तयार झाली. लष्कराच्या वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथेच, चिलखती दलाचं केंद्र इथेच, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही इथेच. पाहुणे आले की सर त्यांना तिथे नेतात. रणगाड्याला खाली-वर करायच्या काचा नाहीत, याबद्दल ते त्याच्याकडे थोड्या हेव्यानं बघतात. लूनालाही नव्हत्या. सरांचं तरुणपण लूनावर सुखात गेलं.

पुढे हँडल फिरवायच्या काचा आल्या, आणि मग बटणाच्या. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० साली हायड्रॉलिक काचा दिल्या. आपल्याकडे १९९१ मध्ये आलेल्या टाटा सिएराला पॉवर विंडो होत्या. सरांनी गाडी घेतली तेव्हा ही चैन मध्यमवर्गापर्यंत पोचली होती. पहिल्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्यांना काच वरखाली करून दाखवली. आता शेजारी म्हणतात, "सर, वर करून दाखवा."

रोगनिदान हा सरांचा खरा आनंद. काच अडली की ते आधी फ्यूज बघतात, मग टेस्ट लॅम्प लावतात, मग डाव्या दाराचा पॅड उचकटतात. त्यात दोन क्लिपा तुटतात. त्या तुटलेल्या क्लिपांसाठी बिस्किटांचा एक वेगळा डबा आहे. एवढं झाल्यावर नातू येऊन चालकाच्या दारावरचं लॉकचं बटण दाबतो आणि काच चालू लागते. मागच्या मुलांनी काचांशी खेळू नये म्हणून दिलेलं ते बटण आदल्या दिवशी सरांच्याच कोपरानं दाबलं गेलेलं असतं. सर नातवाला शाबासकी देत नाहीत. "तेच बघत होतो," म्हणतात.

पण दर वेळी सुटका इतकी स्वस्तात होत नाही. काच चढवणारी मोटर डीसी असते. प्रवाहाची दिशा उलटली की ती उलटी फिरते, म्हणून एकच मोटर काच चढवतेही आणि उतरवतेही. दिशा बदलायचं काम बटणातले इवलेसे पॉइंट करतात. ते सुटताना ठिणगी पडते, त्यांच्यावर काजळी धरते, वर आपल्या रस्त्यांची धूळ आणि कपातून सांडलेला चहा. काच चढवताना मोटरला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे सहसा चढवायचा पॉइंट आधी जळतो. काच खाली झटकन जाते आणि वर येत नाही, ती यामुळे. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या काचेचा प्रवाह चालकाच्या दारावरच्या मुख्य बटणातून फिरून जातो. ज्याला हे ठाऊक नसतं तो डाव्या बाजूची अडचण दिवसभर डाव्या बाजूलाच शोधत बसतो.

सरांना हे ठाऊक आहे. तरीही ते डावीकडून सुरुवात करतात, कारण डावीकडे सावली असते.

मोटर फार तापली की तिच्यातलं संरक्षण तिला बंद पाडतं आणि थंड झाली की ती पुन्हा चालते. सरांनी बटण उघडून, बारीक पॉलिश पेपरनं घासून, क्लीनर फवारून पुन्हा बसवेपर्यंत मोटर निवांत थंड झालेली असते. काच वर येते आणि श्रेय सरांना मिळतं. गल्लीतली त्यांची निम्मी कीर्ती या विश्रांतीवर उभी आहे.

प्रवासात मात्र कीर्ती कामाला येत नाही. पावसाळ्यात नगर-कल्याण रस्त्यानं आळेफाटा मागे टाकून माळशेज घाट लागतो, आणि सर धुकं बघायला बाईंच्या, म्हणजे पत्नीच्या, बाजूची काच खाली घेतात. मग बाई गाडीत छत्री उघडून बसतात. "मी म्हणाले होते, हात लावू नका." पुढे ठरलेली कवायत होते: सर बटण दाबून धरतात, बाई दोन्ही तळहातांमध्ये काच पकडून वर ओढतात, आणि दोघंही एकमेकांना "आता!" म्हणून ओरडतात.

ज्यांची उजवी काच अडते त्यांचे हाल निराळे. टोलनाक्यावर ते दार उघडून पैसे द्यायचे आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा देशभर कुरकुर झाली. या मंडळींनी मात्र पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. काच उघडी राहिली तरी गाडी निर्धास्त लावावी असं गाव जिल्ह्यात एकच, शनिशिंगणापूर. जिथे घरांना दारं नसतात आणि २०११ मध्ये एका बँकेनंही बिनकुलपाची शाखा उघडली, तिथे सरांची गाडी गावाच्या रिवाजाला धरूनच उभी असते.

शेवटी वायरिंगवाल्याकडे जावंच लागतं. तो पोरगा सरांचा जुना विद्यार्थी. बटण हातात घेऊन तो म्हणतो, "सर, किती घासलंय! पॉइंटच राहिला नाही. नवीन टाका." नवं बटण बसतं आणि वर्षभरात तेही जळतं, कारण खरा दोषी कुणी पाहिलेलाच नसतो. चौकटीतलं काचेचं रबर वाळून कडक झालेलं असतं, काच त्यात आवळली जाते, मोटर जास्त प्रवाह ओढते आणि पॉइंट भाजतात. रबरात सिलिकॉन स्प्रे मारणं हे पाच मिनिटांचं काम, फार तर रबर बदलायचं. पण त्यासाठी दार उघडावं लागत नाही, टेस्ट लॅम्प लागत नाही, पोहे गार होत नाहीत. सरांना त्यात रस कसा वाटावा?

अशा माणसाची गाडी विकायला निघाली तर डोळे झाकून घ्या. इंजिन ठणठणीत असतं, तेल वेळच्या वेळी बदललेलं असतं. फक्त सौदा करताना चारही काचा वरखाली करून बघा, एकदा चालकाच्या दारावरून आणि एकदा ज्या त्या दारावरून. आणि क्लिपांचा डबा मागून घ्यायला विसरू नका.